अंधेरीतला चौदा वर्षांचा अभ्यास

अंधेरीला पूर्वेच्या बाजूला उतरून रिक्षावाल्याला नुसतं 'महाकाली' म्हटलं तरी पुरतं. वाटेत कॅनोसा शाळा, होली स्पिरिट हॉस्पिटल, एमआयडीसीचे गाळे, टेम्पो, कुरिअरवाले, आणि या सगळ्या गलबल्याच्या पलीकडे टेकडीत कोरलेली १९ लेणी. रस्त्याला नाव लेण्यांनी दिलं, लेण्यांना जवळच्या महाकालीच्या देवळाने. अभ्यासक त्यांना कोंडिविटे म्हणतात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास इथे छिन्नी लागली आणि सहाव्या शतकापर्यंत काम चालू राहिलं. नवव्या लेण्याच्या आत एक गोल खोली आहे. तिच्या दगडी भिंतीला जाळीच्या खिडक्या आणि पोटात स्तूप. बाकीची बरीचशी लेणी म्हणजे विहार, आजच्या भाषेत भिक्षूंची हॉस्टेलं.

याच रस्त्यावर, लेण्यांच्या अलीकडे, विनयालय नावाचं एक आवार आहे. ते जेज्विटांचं, म्हणजे येशूसंघाच्या व्रतस्थांचं घर. लेण्यांच्या दुसऱ्या अंगाला, सीप्झच्या कुंपणाआड, सेंट जॉन बाप्टिस्टच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. जेज्विटांनी ते १५७९ साली बांधलं होतं. १८४० च्या साथीनंतर गावकरी मरोळला सरकले आणि चर्च ओस पडलं. १९७३ मध्ये भोवती सीप्झ, म्हणजे निर्यातीचं औद्योगिक क्षेत्र, आलं, आणि आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, होते. त्या दिवशी आसपासच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन लोक, म्हणजे साष्टी बेटाचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमधून वाट काढत आपल्या पूर्वजांच्या देवळात जातात.

मुंबईचं उपनगर म्हणजे झोपायला येण्याची जागा, असं आपण समजून चालतो. पण या दोन-तीन किलोमीटरांच्या पट्ट्यात दोन हजार वर्षं अधूनमधून एक चमत्कारिक गोष्ट घडत आली आहे. धडधाकट माणसं घरदार सोडून इथे आली, लग्न करायचं नाही असं त्यांनी ठरवलं, एका छताखाली राहिली, आणि अभ्यासाला बसली. पहिल्या भिक्षूंच्या दिवसाबद्दल आपल्याला दगड सांगतो तेवढंच कळतं. जेज्विटांचं तसं नाही. त्यांनी आपल्या दिवसाचा तास न् तास लिहून ठेवला आहे, आणि तो वाचताना माणूस थक्क होतो.

जुलै १९४७. देश स्वतंत्र व्हायला महिना राहिलेला. मुंबईतच जन्मलेला, सोळावं वर्ष लागलेला एक मुलगा विनयालयात दाखल झाला. अंधेरी तेव्हा मुंबईत नव्हती, ती बृहन्मुंबईत आली १९५० साली. या मुलाचं नाव अँथनी डिमेलो. पुढे त्याच्या छोट्या छोट्या गोष्टींची पुस्तकं जगभर खपली. पण तो फादर झाला १९६१ मध्ये. विनयालयाची पायरी चढल्यापासून जवळजवळ चौदा वर्षांनी. मधल्या काळात तो १९५२ साली तत्त्वज्ञान शिकायला बार्सिलोनाला गेला, नंतर ईशज्ञान शिकायला पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात. चौदा वर्षांत आपल्याकडचा मुलगा एमबीबीएस होतो, एमडी होतो, सुपरस्पेशालिटी करतो आणि बोरिवलीत स्वतःचं क्लिनिक थाटून बसतो. रामाचा वनवासही तेवढाच. डिमेलो काही अपवाद नव्हता. जेज्विट फादर व्हायला दहा-बारा-चौदा वर्षं लागतातच. मला जास्त नवल वाटतं ते या वर्षांच्या क्रमाचं.

पहिली दोन वर्षं अभ्यासच नसतो. कॉलेज नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत. हा काळ नोव्हिशिएटचा, म्हणजे उमेदवारीचा, आणि उमेदवार तो नोव्हिस. जुन्या काळी जगभरच्या जेज्विट घरांत या दोन वर्षांचा दिवस साधारण एकाच साच्यातून निघायचा. पहाटे घंटा. तासभर ध्यान. मिस्सा. न्याहारी. मग झाडलोट, भांडी, बाग, संडास साफ करणं. या घरकामांना लॅटिन नाव, मॅन्युआलिया. नोव्हिसांनी एकमेकांशी शक्यतो लॅटिनमध्येच बोलावं अशी शिस्त. जेवताना एकाने उंच जागी उभं राहून पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांनी मुकाट्याने घास गिळत ऐकायचं. रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. साठच्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर यातलं पुष्कळ सैल झालं, लॅटिन तर गेलंच, पण सांगाडा टिकून आहे.

या दोन वर्षांत एक खास महिना येतो. तीस दिवसांचं एकांतवासाचं शिबिर, त्यात दिवसाला चार-पाच तास ध्यान आणि मौन. ते कसं करायचं याचं एक छोटं पुस्तक आहे, संघाचा संस्थापक इग्नेशस लोयोलाने लिहिलेलं. पोपने त्याला १५४८ मध्ये मान्यता दिली. ते वाचायला घेतलं तर निराशा होते, कारण ते वाचायचं पुस्तक नव्हेच. ते घेणाऱ्याने करायचं आणि देणाऱ्याने वापरायचं आहे, तबल्याच्या कायद्यांच्या वहीसारखं. आत सूचना, क्रम, किती वेळ, कुठे थांबायचं, कंटाळा आला तर काय करायचं. कंटाळा आला तर ठरवलेल्या तासापेक्षा थोडं जास्तच बसावं, अशी सूचना आहे.

पण मला सगळ्यात आवडते ती त्यातली रेघांची आकृती. माणसाने स्वतःचा एक दोष निवडायचा. एकच. समजा, दुसऱ्याला तोडून बोलणं. सकाळी उठताना ठरवायचं की आज हे टाळीन. दुपारच्या जेवणानंतर बसायचं आणि सकाळपासूनचा एकेक तास आठवून किती वेळा घसरलो तेवढे ठिपके रेघेवर काढायचे. रात्री पुन्हा तेच, दुसऱ्या रेघेवर. आठवड्याच्या सात दिवसांच्या सात जोड्या. मग रात्रीचे ठिपके दुपारच्या ठिपक्यांशी ताडायचे, आजचे कालच्याशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी. आणि दिवसभरात जेव्हा जेव्हा घसरू तेव्हा हात छातीला लावायचा. चारचौघांतही तो लावता येतो, कुणाच्या लक्षातही येत नाही, असं इग्नेशसने मुद्दाम लिहून ठेवलं आहे. सोळाव्या शतकातला एक जुना सैनिक आपल्या मनाचा आलेख काढत होता. ईश्वराविषयीचं पुस्तक म्हणून आपण ते उघडावं आणि हाती हिशेबाची वही यावी!

उमेदवारीत आणखी एक प्रकार असतो. त्याला ते 'प्रयोग' म्हणतात. इग्नेशसने नियमांत सहा प्रयोग घातले. महिनाभराचा तो एकांतवास हा पहिला. मग रुग्णालयात राहून आजाऱ्यांची सेवा. मग पैसे न घेता पायी यात्रा, वाटेत भीक मागून खाणं. मग घरातली हलकी समजली जाणारी कामं, मग मुलांना आणि अडाण्यांना शिकवणं, मग प्रवचन. यात्रेच्या प्रयोगामागचं कारणही दिलं आहे. वाईट खाण्याची आणि वाईट झोपण्याची सवय व्हावी, आणि पैशावरचा भरवसा सुटावा. पंढरीच्या वाटेवर चाललेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दोन वर्षं संपली की व्रतं. गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. आणि मग, इथे खरा नवलाचा भाग सुरू होतो, अभ्यास. देवासाठी सगळं सोडलेल्या मुलाला थेट व्याकरण, साहित्य, विज्ञान, तत्त्वज्ञान यांच्यात लोटलं जातं.

याचं मूळ इग्नेशसच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडल्या पडल्या त्याचं मन पालटलं. लोकांना देवाबद्दल सांगावं तर शिक्षण नाही, म्हणून तिशी उलटलेला हा लंगडा माणूस १५२४ मध्ये बार्सिलोनाला लहान पोरांच्या बाकावर लॅटिन शिकायला बसला. धातू चालवायला घेतला की मनात भक्तीचे उमाळे दाटून यायचे आणि पाठांतर अडायचं. दुसरा कुणी असता तर त्या उमाळ्यांना कृपा म्हणाला असता. इग्नेशसने ओळखलं की हे उमाळे प्रार्थनेच्या वेळी येत नाहीत, अभ्यासाच्या वेळीच येतात; म्हणजे हा मोह आहे. तो गुरुजींकडे गेला आणि शब्द दिला की दोन वर्षं एकही वर्ग चुकवणार नाही. पुढे संघाचे नियम लिहिताना त्याने शिकणाऱ्यांच्या प्रार्थनेच्या वेळेला मर्यादा घातली. धर्मसंघाच्या संस्थापकाने 'प्रार्थना आवरा, अभ्यास करा' असं बजावावं, हे वाचून मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली.

अल्काला, सालामांका, आणि १५२८ पासून पॅरिस. स्पेनमध्ये असताना धर्मसंशयावरून त्याला दोनदा तुरुंगातही टाकलं होतं. पॅरिसला सेंट बार्ब कॉलेजात त्याच्या खोलीत दोन तरुण विद्यार्थी होते, पियेर फाव्र आणि फ्रान्सिस झेविअर. हो, गोव्यात ज्याचं शव आहे तोच. विद्यापीठाच्या शहरात एका खोलीत तीन विद्यार्थी, एक दुसऱ्याला तत्त्वज्ञान समजावतोय, दुसरा पहिल्याला ध्यान. एवढ्यातून हा संघ उभा राहिला. पोपची मान्यता मिळाली २७ सप्टेंबर १५४० रोजी आणि ६ मे १५४२ ला झेविअर गोव्याच्या धक्क्यावर उतरला. त्यानंतरच्या वर्षांत वसईलाही त्याच्या फेऱ्या झाल्या.

आता पैशाचा प्रश्न. भीक मागून शिकता येत नाही, हे इग्नेशसला अनुभवाने कळलं होतं. पॅरिसला असताना उन्हाळ्यात तो फ्लँडर्सला आणि एकदा लंडनलाही स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे हात पसरायला जायचा, म्हणजे वर्षभर पुस्तकं उघडता येत. म्हणून नियम करताना त्याने एक बारीक भेद केला. अभ्यास संपलेल्या, अखेरची व्रतं घेतलेल्या लोकांच्या घरांना कायमचं उत्पन्न नको, त्यांनी दानावर जगावं. पण विद्यार्थ्यांच्या कॉलेजांना मात्र जमिनीचं, ठेवीचं ठरलेलं उत्पन्न असावं. शिकणाऱ्याला उद्याच्या जेवणाची काळजी नको.

आणि हेच कोडं आपल्या सह्याद्रीत दीड हजार वर्षं आधी सुटलेलं होतं. नाशिकच्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या लेखांत 'अक्षयनीवी' येते. दात्याने रक्कम ठेवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंची चीवरं आणि इतर गरजा भागवायच्या. नाशिकला उषवदात नावाच्या दात्याने तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवली होती. कान्हेरी हे शंभरावर लेण्यांचं, पाण्याच्या टाक्यांचं, कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी पोसलेलं गावच. तिथल्या नवव्या शतकातल्या, शिलाहारांच्या काळच्या एका देणगीत दुरुस्ती आणि भिक्षूंची वस्त्रं यांच्याबरोबर पुस्तकांसाठीही पैसे बाजूला काढले आहेत. आजच्या ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकाची ही पणजी बोरिवलीच्या डोंगरावर सापडावी! निर्धन राहायचं व्रत घेतलेल्या माणसांना अभ्यास करायचा तर त्यांच्या नावावर काही नको, पण त्यांच्या घराच्या नावावर काहीतरी हवं. दोन परंपरांना एकमेकींचा पत्ता नसताना उत्तर एकच मिळालं.

पोर्तुगीज काळात कॉलेजांचं हे उत्पन्न कुठून आलं, हे मात्र सांगायला हवं, कारण ते गोड नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वरला शंकराचं लेणं होतं. सोळाव्या शतकाच्या मध्याला आंतोनिओ दो पोर्तो हा फ्रान्सिस्कन साधू साष्टीत आला, आणि लेण्याचं चर्च झालं, डोक्यावर मठ आणि कॉलेज उभं राहिलं. शिल्पं भिंतींआड गेली. देवळांच्या इनामांचं उत्पन्न चर्चकडे वळवणं ही पोर्तुगीजांची तेव्हाची रीतच होती. ज्या शिक्षणाने पुढे कित्येक घरं उभी राहिली, त्याच्या पायात दुसऱ्यांचे देव चिणलेले होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाच्या फौजांनी वसई घेतली आणि साष्टीतलं पोर्तुगीज राज्य संपलं. वांद्र्याला १६२० मध्ये सुरू झालेलं जेज्विटांचं सेंट अ‍ॅन कॉलेज त्याच धामधुमीत सुरुंग लावून उडवून दिलं गेलं. मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून. आज मंडपेश्वराच्या लेण्यात पुन्हा शिवाची पूजा होते, वर मठाच्या भिंती पडक्या उभ्या आहेत, आणि शेजारी फ्रान्सिस्कन ब्रदरांची शाळा, आयटीआय, इंजिनिअरिंग कॉलेज. एकाच माळावर सगळे.

जेज्विटांचं तर पुढे घरच मोडलं. पोर्तुगालने १७५९ मध्ये त्यांना हाकललं, १७७३ मध्ये खुद्द पोपनेच संघ बरखास्त केला, आणि १८१४ मध्ये दुसऱ्या पोपने परत उभा केला. मुंबईत ते एकोणिसाव्या शतकात नव्याने आले, बहुतेक जर्मन. १८६९ मध्ये धोबीतलावला सेंट झेविअर्स कॉलेज त्यांनीच काढलं. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रू, म्हणून त्यांची जागा पुढे स्पॅनिश जेज्विटांनी घेतली. डिमेलोला बार्सिलोनाच का, याचं उत्तर त्यात आहे. याच स्पॅनिशांपैकी हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईत उतरले आणि १९२६ मध्ये त्यांनी झेविअर्समध्ये इतिहास संशोधनाची संस्था काढली. नाणी, मूर्ती, हस्तलिखितं, हजारो पुस्तकं त्यांनी जमवली. त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. गरिबीच्या व्रताचा हा अर्थ मला फार उशिरा लक्षात आला. त्यात वस्तू वापरायला बंदी नाही, 'माझी' म्हणायला बंदी आहे. कॉलेजात शिकवणाऱ्या फादरचा पगार येतो तो थेट घराच्या खात्यात जातो. चप्पल हवी, चष्मा हवा, तर मागायचा. घरात रेक्टर असतो, स्वयंपाकघर आणि कोठी पाहणारा मिनिस्टर असतो, आणि पैशाचा हिशेब ठेवणारा प्रोक्युरेटर. डॉक्टरेट झालेला प्राध्यापक बूट झिजले म्हणून मिनिस्टरकडे जातो, हे दृश्य आपल्या पगारदार मनाला पचायला जड आहे.

पदवी, मग तत्त्वज्ञान. आणि मग अभ्यासाला अचानक दोन वर्षांची खीळ. मुलाला पुस्तकातून उचलून एखाद्या शाळेत, आदिवासी पाड्यावर, बोर्डिंगात कामाला पाठवतात. याला रीजन्सी म्हणतात. कितीतरी जण याच टप्प्यावर संघ सोडतात, आणि ते वाईट मानलं जात नाही. टप्पा त्यासाठीच आहे. मग ईशज्ञान. मग दीक्षा. मग आणखी काही वर्षं काम केल्यावर, चाळिशीच्या आसपासच्या माणसाला पुन्हा उमेदवारीत बसवतात. तोच तीस दिवसांचा एकांतवास, तेच छोटं पुस्तक, पहिल्यापासून. त्यानंतर कुठे अखेरची व्रतं.

महाराष्ट्रातला हा बराचसा अभ्यास पुण्यात होतो. १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीची पेपल सेमिनरी पुण्याच्या नगर रोडला आली, डी नोबिली कॉलेजही तिथेच. एका विद्यापीठाभोवती निरनिराळ्या संघांची घरं वसत गेली. गोऱ्या-काळ्या, तमिळ-मिझो-मंगळुरी अशा अनेक मुलांना तिथे मराठी बाजाराचा पहिला सामना होतो. याच पुण्यात राहून ग्यी डल्यरी या फ्रेंच जेज्विटाने विठोबाच्या उपासनेवर ग्रंथ लिहिला. डेक्कन कॉलेजने तो १९६० मध्ये छापला. मॅथ्यू लेडर्ले या जर्मन जेज्विटाने आधुनिक महाराष्ट्रातल्या तात्त्विक विचारप्रवाहांवर लिहिलं. आणि या सगळ्यांचा मूळ पुरुष म्हणजे इंग्लंडहून आलेला, गोव्याच्या साष्टीत आयुष्य घालवलेला थॉमस स्टीफन्स. त्याचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून निघालं. दहा हजारांवर ओव्या! ज्या गावात राहायचं त्या गावाची भाषा शिकायची, हा नियम घराच्या नियमांतच आहे. १९०३ मध्ये राहुरीजवळच्या केंदळला फादर हेन्री डोअरिंग यांनी काढलेलं 'निरोप्या' मासिक त्यातूनच आलं.

इथे एक गल्लत दूर करतो. आपण ज्यांना सरसकट 'फादर' म्हणतो त्यांतले बरेच जण कुठल्याच संघाचे नसतात. ते धर्मप्रांताचे असतात, बिशपच्या हाताखालचे. मुंबई धर्मप्रांताचे फादर गोरेगावला आरे रोडवरच्या सेंट पायस कॉलेजात घडतात. त्यांना ब्रह्मचर्य आहे, आज्ञापालन आहे, पण गरिबीचं व्रत नाही. स्वतःचं बँक खातं असू शकतं. ब्रदर वेगळे. ते व्रतस्थ असतात, पण धर्मगुरू नसतात आणि होऊ इच्छितही नाहीत. वसईचा गोन्सालो गार्सिया असाच ब्रदर. जेज्विटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. आणि सिस्टर. महाकाली रस्त्यावरची शाळा आणि हॉस्पिटल दोन्ही सिस्टरांच्या संघांनी उभी केलेली. त्यांची उमेदवारी आणि व्रतं तितकीच कडक, पण अभ्यासाची दारं त्यांना पुष्कळ उशिरा उघडली, आणि धर्मदीक्षेचं दार अजून बंदच आहे. यावर चर्चमध्ये वाद आहे, आणि तो व्हायलाच हवा.

एवढ्या घोटीव शिक्षणातून एकाच छापाची माणसं निघत असतील, असं वाटेल. डिमेलोकडे पाहा. शिकागोच्या लोयोला विद्यापीठात मानसशास्त्र आणि समुपदेशन शिकून तो परतला, पुढे गोएंकांच्या विपश्यनेला बसला, आणि १९७८ मध्ये त्याचं 'साधना' आलं. त्यात प्रार्थनेची सुरुवात होते मौनापासून, अंगावरच्या संवेदनांपासून, नाकपुडीतून ये-जा करणाऱ्या श्वासापासून. महाकालीच्या विहारांत बसलेल्या भिक्षूंना ही पानं अगदी ओळखीची वाटली असती. चर्चला ती तितकीशी मानवली नाहीत. डिमेलो १९८७ मध्ये न्यू यॉर्कला वारला, आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्याच्या लेखनातल्या काही मतांबद्दल सावधगिरीची सूचना काढली. चौदा वर्षं घडवलेल्या माणसाची पुस्तकं त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी तपासायला घ्यावी लागली. माझ्या मते हे त्या शिक्षणाचं अपयश नव्हे. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाचे ठिपके मोजायला शिकवल्यावर माणूस मनाविषयी स्वतंत्रपणे बोलू लागला, तर आश्चर्य कसलं?

जेज्विटांच्या घरांत निवृत्तीचं वय नसतं. संघाच्या प्रत्येक प्रांताची एक सूची दरवर्षी निघते. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम छापलेलं असतं. अमुक प्राचार्य, तमुक प्रोक्युरेटर, कुणी पीएचडी करतोय, कुणी पाड्यावर. जे म्हातारे किंवा आजारी आहेत, ज्यांच्याच्याने आता काही होत नाही, त्यांची नावंही गाळत नाहीत. त्यांच्यापुढे छापतात, 'चर्चसाठी आणि संघासाठी प्रार्थना करतो'. कामाच्या रकान्यातच छापतात. शेजारच्या ओळीतल्या प्राचार्यांच्या बरोबरीने.